गेलेल्या कामाचा हिशेब: गंभीर अपघातानंतर भरपाई मागताना

अपघातातल्या माणसाला दवाखान्यात आणले की केसपेपर लिहिणारे डॉक्टर आधी विचारतात, "कसं लागलं?" सोबत आलेला भाऊ किंवा शेजारी घाबरलेला असतो. पोलिसांचे लचांड मागे लागायला नको म्हणूनही तो सांगून टाकतो, "गाडीवरून पडला." ती ओळ केसपेपरवर उतरते. पुढे सातारा किंवा सांगलीच्या न्यायालयात भरपाईचा दावा उभा राहतो तेव्हा विमा कंपनीचे वकील नेमका तोच कागद काढतात आणि म्हणतात, दुसरे वाहन नव्हतेच, हा आपला आपण घसरून पडला. मागून ट्रॅक्टरने ठोकरलेल्या माणसाला मग ट्रॅक्टर होता हे सिद्ध करण्यात वर्षे घालवावी लागतात.

भरपाईचा कायदा आपल्याकडे बऱ्यापैकी उदार आहे. तरीही आपल्या भागातली माणसे हक्कापेक्षा फार कमी रक्कम घेऊन घरी जातात, आणि त्याची कारणे बहुतेक वेळा दोनच असतात. पहिल्या महिन्यातले कागद बिघडलेले असतात. दुसरे म्हणजे, या माणसाच्या हातून आता कोणते काम होणार नाही, हे न्यायालयाला कोणी नीट सांगितलेलेच नसते. या लेखात जास्त जागा या दोन गोष्टींना दिली आहे.

दाखल करताना खरे तेच सांगा: कुठे, किती वाजता, कोणत्या वाहनाने. नंबर माहीत नसेल तर 'अनोळखी वाहनाने धडक दिली' एवढे तरी लिहून घ्या. अपघात जतला किंवा कवठेमहांकाळला होतो आणि रुग्ण येतो मिरजेत, कारण मोठे दवाखाने तिथे आहेत. साताऱ्याच्या दक्षिण भागातले लोक तसेच कराड गाठतात. दवाखान्यातून खबर जाते ती तिथल्या पोलीस ठाण्याला, आणि कागद मूळ ठाण्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तो आपोआप पोहोचेल यावर विसंबू नका. घरातल्या एकाने अपघात ज्या हद्दीत झाला त्या ठाण्यात जाऊन फिर्याद नोंदली गेली का ते पाहावे. रुग्णाजवळून हलता आले नाही म्हणून फिर्यादीला काही दिवस उशीर झाला, तर तेवढ्यावरून दावा पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे. उशिराचे कारण मात्र फिर्यादीतच लिहायला हवे.

घटनास्थळाचा पंचनामा होताना आपला माणूस तिथे हजर असेल असे बघा. उसाच्या हंगामात याला फार किंमत येते. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर रात्री कराड-तासगाव रस्त्याने किंवा पेठ नाक्याच्या आसपास चाललेला असतो. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले असतात, नाहीतर टायर फुटलेली ट्रॉली कडेला दगड लावून उभी असते. दुचाकीवाला तिच्यावर मागून आदळतो आणि लोक म्हणतात, चूक त्याचीच. विमा कंपनीही तेच म्हणते. ट्रॉलीला दिवे नव्हते, रिफ्लेक्टर नव्हते, रस्त्यावर इशाऱ्याचे काही ठेवलेले नव्हते, हे पंचनाम्यात आले आणि त्याच रात्रीचे दोन-चार फोटो मोबाइलमध्ये असले, तर दाव्याचे रूपच पालटते. दुचाकीवाल्याकडेही थोडा दोष निघाला तर रक्कम तेवढ्या प्रमाणात कमी होते, पण दावा संपत नाही. नंबर टिपताना ट्रॅक्टरचा आणि दोन्ही ट्रॉल्यांचा, असे तिन्ही टिपा. परिवहन खात्याच्या मोबाइल अॅपवर नंबर टाकला की विमा आहे का आणि कधीपर्यंत आहे ते कळते.

याच दिवसांत गाडीमालकाकडची माणसे दवाखान्यात येतात. गावातले कोणीतरी वजनदार सोबत असते. "आपसांत मिटवू, कशाला कोर्टकचेरी," म्हणत वीस-तीस हजार पुढे करतात आणि स्टॅम्पपेपरवर 'आमची काही तक्रार नाही' असे लिहून घेतात. ऑपरेशनसाठी पैसे नसलेल्या घराला हा मोह टाळता येत नाही, हे मी जाणतो. पैसे घ्यावे लागले तर घ्या, पण 'उपचारासाठी मदत म्हणून मिळाले' एवढेच लिहून द्या. तक्रार नसल्याच्या कागदावर सही करू नका. पायात रॉड टाकलेला माणूस पुन्हा उभा राहणार की नाही, हे त्या आठवड्यात कोणालाच माहीत नसते. मग त्या दुखापतीची किंमत त्याच आठवड्यात कशी ठरवणार?

उपचाराच्या खर्चासाठी आता काही आधार आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचाराची योजना लागू केली. नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार पैसे न भरता होऊ शकतो. ११२ वर फोन करा आणि दाखल करतानाच या योजनेचे नाव घेऊन विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहेच. पण इथे एक गैरसमज होतो. योजनेतून उपचार झाला, आपला खर्च झालाच नाही, मग दावा कशाचा, असे लोक समजतात. औषधोपचार हा भरपाईतला एकच भाग आहे. स्वतःच्या मेडिक्लेमचे पैसे मिळाले असले तरी ते भरपाईतून वजा करता येणार नाहीत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला. हप्ते आपण भरलेले असतात, त्याचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीला का मिळावा? रुग्णवाहिकेचे भाडे, मिरजेतल्या खोलीचे भाडे, रक्ताच्या पिशव्या, कुबड्या, फिजिओथेरपी, तपासणीसाठी केलेली गाडी, प्रत्येकाची पावती एका पिशवीत ठेवत जा.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो, आणि जिल्हा न्यायाधीशच त्याचे काम पाहतात. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा समोरचा राहतो तिथे, यातले कोणतेही ठिकाण निवडायचा हक्क कायद्याने जखमी माणसाला दिला आहे. खानापूर, आटपाडी, तासगावचे गलाई कामगार केरळपासून बंगालपर्यंत सोन्याचांदीच्या भट्ट्या चालवतात. तिकडे अपघात झाला आणि माणूस विट्याला घरी परतला, तर दावा सांगली जिल्ह्यात लावता येतो. बीडहून आलेल्या ऊसतोड कामगारालाही वाळव्यातल्या अपघातासाठी तारखेला इकडे येत राहण्याची गरज नाही. त्याने बीडलाच दावा लावावा.

मुदतीबाबत मात्र हयगय नको. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, आणि तोवर मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. उशीर होऊन बसलेल्यांनी त्यामुळे आशा सोडू नये. ज्यांच्या हातात अजून वेळ आहे त्यांनी मात्र सहा महिने हीच सीमा धरावी. नव्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. तपास अधिकाऱ्याकडे त्याची प्रत मागा. फिर्याद, पंचनामा, इजा प्रमाणपत्र, वाहनाचे नोंदणीपत्र, विमा आणि चालकाचा परवाना यांच्या प्रतीही तिथेच मिळतात.

आता रकमेकडे येऊ. रक्कम कशी निघते हे जखमी माणसाच्या घरच्यांना कळलेच पाहिजे, नाहीतर तडजोडीच्या टेबलावर समोर ठेवलेला आकडा मोठा की लहान हे समजत नाही.

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातला ४२ वर्षांचा एक हमाल आहे. हळदीची पोती उचलणे हे त्याचे काम आणि महिन्याची कमाई १८,००० रुपये. धडकेत खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले, पण मांडी घालून बसता येत नाही आणि पाठीवर ओझे घेता येत नाही. वैद्यकीय मंडळाने प्रमाणपत्र दिले ३० टक्के अपंगत्वाचे. वर्षाची कमाई झाली २,१६,००० रुपये. स्वतंत्र रोजगार करणारा माणूस ४० ते ५० वयाचा असेल तर पुढे वाढू शकणाऱ्या कमाईपोटी २५ टक्के धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१७ च्या प्रणय सेठी खटल्यात ठरवून दिले. चाळिशीच्या आत ४० टक्के, पन्नास ते साठला १० टक्के. आपल्या हमालाचे झाले २,७०,००० रुपये. याला वयाप्रमाणे गुणक लावायचा. तो २००९ च्या सरला वर्मा खटल्यातल्या तक्त्यातून येतो, आणि ४१ ते ४५ वयाला तो १४ आहे. गुणाकार येतो ३७,८०,००० रुपये.

खरा प्रश्न इथे सुरू होतो. यातले किती द्यायचे? विमा कंपनी म्हणणार, प्रमाणपत्र ३० टक्क्यांचे आहे, म्हणून ११,३४,००० रुपये. पण हमालाचे काम ३० टक्क्यांनी कमी झालेले नाही, पोते उचलायचे बंदच झाले आहे. फार तर तो कुठे रखवालदार म्हणून बसेल. कमावण्याची ताकद ८० टक्के गेली असे न्यायालयाने मानले तर तीच रक्कम ३०,२४,००० रुपये होते. जवळपास एकोणीस लाखांचा हा फरक, माणूस तोच आणि हाडही तेच.

२०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद फार स्वच्छ सांगितला आहे. डावा हात गेलेला चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई पुरती बुडू शकते. तोच हात सरकारी कार्यालयातल्या कारकुनाचा गेला तर नोकरी आणि पगार टिकू शकतो. म्हणून प्रमाणपत्रावरची टक्केवारी उचलून थेट गणितात घालायची नसते. हा माणूस आधी काय करत होता, आता त्यातले काय करू शकतो, दुसरे काही करून पोट भरू शकतो का, हे क्रमाने पाहायचे असते. तुमच्या वकिलांना हा निकाल ठाऊक असतोच. पण त्यासाठी लागणारा पुरावा तुम्हीच पुरवायचा आहे.

म्हणून प्रमाणपत्रावर थांबू नका. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, सांगली-मिरजेकडे शासकीय रुग्णालयांत अपंगत्वाची तपासणी होते. ते प्रमाणपत्र घ्याच. पण ज्यांनी ऑपरेशन केले त्या डॉक्टरांची साक्ष झाली पाहिजे, आणि त्यांना नेमके विचारले गेले पाहिजे: हा माणूस पन्नास किलोचे पोते उचलू शकेल का? शिडी चढू शकेल का? द्राक्षाच्या मांडवाखाली हात वर धरून दिवसभर काम करू शकेल का? दुधाच्या धारा काढायला उकिडवा बसू शकेल का? अशी साक्ष नसेल तर न्यायालयापुढे राहतो नुसता आकडा. यार्डातला सोबती, मुकादम किंवा शेजारचा शेतकरी यांचीही साक्ष द्या. हा आधी काय करायचा आणि आता काय करतो, हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकत नाही.

कमाईचा पुरावा ही दुसरी अडचण. आपल्या भागात पगाराची पावती थोड्यांकडे असते, कागद मात्र घरोघरी असतात, शोधावे लागतात. हमालाची मजुरी माथाडी मंडळाकडे नोंदलेली असते. शेतकऱ्याकडे कारखान्याची ऊसबिले, दूध संस्थेची दहा दिवसांची बिले, बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या, सातबारा, बँकेचे पासबुक असते. विमा कंपनी म्हणते, जमीन जागेवर आहे, पीक येतेच आहे, मग नुकसान कुठले? याला उत्तर हिशेबानेच द्यायचे. पूर्वी स्वतः करत असलेल्या पाणी पाजण्याला, फवारणीला, छाटणीला आता गडी लावावा लागतो, आणि त्याला इतके पैसे जातात. अपघातानंतरच्या पहिल्या हंगामापासून ही वही ठेवायला लागा.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल बहुतेक नवऱ्याच्या नावे, हिशेबही त्याच्याच नावे. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणाऱ्या बाईचा अपघात झाला की कागदावर तिची कमाई शून्य दिसते. हे मला अतिशय अन्यायाचे वाटते. दावा लिहितानाच 'कोयत्याच्या कमाईतला निम्मा वाटा तिचा' असे स्पष्ट मांडा आणि मुकादमाला साक्षीला बोलवा. बाहेर मजुरी न करणारी गृहिणी असेल तरी तिच्या घरकामाची रक्कम धरली जाते. २०२१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठामपणे सांगितले. म्हणून दाव्यात 'घरकाम' एवढा एकच शब्द लिहून सोडू नका. पहाटेपासूनची कामे लिहा, जनावरांचे शेण-पाणी धरून.

कमाईशिवाय बाकीची कलमे असतात: उपचाराचे दिवस आणि त्यांतली बुडालेली मजुरी, वेदना, पुढची ऑपरेशने, पौष्टिक आहार, गमावलेले सुख, तरुणांच्या बाबतीत लग्नाची मोडलेली शक्यता. मणक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ कोणीतरी कायम लागते. २०२० मध्ये काजल नावाच्या मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सोबतीच्या माणसाचा खर्चही गुणक लावूनच काढला. घरचेच माणूस सेवा करते म्हणून ते कलम सोडू नका, कारण आईने किंवा बायकोने त्यासाठी आपली मजुरी सोडलेली असते. कृत्रिम पाय एकदा बसवून भागत नाही. तो झिजतो, काही वर्षांनी बदलावा लागतो. बनवणाऱ्याकडून किंमत, देखभाल आणि टिकण्याचा काळ यांचे लेखी पत्रक घेऊन जोडा.

सगळेच अपघात या एका चौकटीत बसत नाहीत. ठोकर देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख रुपये सरकारी योजनेतून मिळतात. त्यासाठी अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. हाड मोडणे किंवा निखळणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. आपल्याच चुकीने गाडी घसरली तर दुसऱ्याच्या विम्यावर दावा चालत नाही. तेव्हा स्वतःच्या विम्यातले मालक-चालकासाठीचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण पाहा. वैध परवाना असेल आणि ते संरक्षण घेतलेले असेल, तर एक हात किंवा पाय गेल्यास त्यातली निम्मी रक्कम मिळते. कित्येकांना हप्त्यात ते भरलेले आहे याचाच पत्ता नसतो. एसटीच्या धडकेत विमा कंपनी नसते, दावा थेट महामंडळावर करायचा. खातेदार शेतकऱ्याला किंवा त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा योजनेतून एक अवयव गेल्यास १ लाख आणि दोन गेल्यास २ लाख मिळतात. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत अर्ज पोहोचला पाहिजे.

मालवाहू गाडीतून नेल्या जाणाऱ्या मजुरांची गोष्ट यात सर्वांत अवघड. १० एप्रिल २०१८ रोजी पहाटे खंबाटकीच्या बोगद्याजवळ, एस वळणावर विजापूरकडून शिरवळकडे मजूर नेणारा टेम्पो उलटला. डझनाहून जास्त माणसे गेली, कितीतरी जखमी झाली. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाड्याने बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर सहसा येत नाही. माल ज्याचा आहे तो मालक किंवा त्याचा माणूस, किंवा गाडीमालकाचा कामगार असेल तर चित्र वेगळे होते. काही प्रकरणांत न्यायालय विमा कंपनीला आधी पैसे द्यायला आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगते. म्हणून अशा अपघातात मजूर कोणाच्या कामावर होता, गाडीत कशासाठी बसला होता, हे पहिल्याच जबाबात यायला हवे. कामावर असताना इजा झाली तर कामगार भरपाईचा मार्गही असतो. १९२३ च्या कायद्याच्या या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. दोन्हीकडे मागता येत नाही, एकच मार्ग निवडावा लागतो, तेव्हा वकिलाकडून दोन्हींचे आकडे काढून मगच ठरवा.

वकिलाबद्दल स्पष्टच लिहितो. दवाखान्याच्या दारात 'सगळे मी बघतो, निकालातले तीस टक्के द्या' म्हणणारा मध्यस्थ भेटला तर त्याला कोऱ्या कागदावर सही देऊ नका. निकालाच्या रकमेतला हिस्सा फी म्हणून ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, अपंग व्यक्ती आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. साताऱ्यात आणि सांगलीत त्याचे कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे. फोनवर विचारायचे असेल तर १५१०० हा क्रमांक लावा.

लोकअदालतीत तडजोड करायला हरकत नाही. खूप जुने दावे तिथे एका दिवसात सुटतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून जाण्याआधी वर दाखवले तसे गणित आपल्या आकड्यांनी करून कागदावर न्या, आणि शेवटची मोठी शस्त्रक्रिया व्हायची असेल तर थांबा. दावा लावल्यापासूनचे व्याज न्यायालय देऊ शकते, तेव्हा उशिराच्या भीतीने निम्म्यावर येण्याचे कारण नाही. न्यायाधिकरणाचा निकाल कमी वाटला तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, आणि आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे काम सुरू झाले असून सातारा, सांगलीची अपिले तिथेच चालतात.

रक्कम मंजूर झाल्यावर ती थेट जखमीच्या बँक खात्यात जमा करून घ्या, त्याच्या आधीच खाते उघडून ठेवा, आणि ते त्याच्या एकट्याच्या नावाचे असू द्या. न्यायालय बहुधा काही भाग मुदत ठेवीत ठेवते. मधेच कृत्रिम पाय बदलायचा असेल किंवा घराला उतार बांधून घ्यायचा असेल, तर ठेव मोडण्यासाठी त्याच न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. अर्जाला दवाखान्याचे किंवा कामाचे अंदाजपत्रक जोडा.